ट्यूब तीन महिने पुरते, तिथेच चुकतंय

*पत्र :* डॉक्टर, आम्ही सांगली जिल्ह्यातले द्राक्षबागायतदार. माझा मुलगा ८ वर्षांचा, झेडपीच्या शाळेत तिसरीत आहे. जन्मापासून त्याचे केस, भुवया, पापण्या पांढऱ्या आणि अंग गोरंपान. अल्बिनिझम आहे असं डॉक्टरांनी सांगितलंय. एप्रिल छाटणीच्या दिवशी तो वडिलांबरोबर दोन तास बागेत थांबला आणि रात्री मान, कान, हात फोडांनी भरले. मेडिकलमधून उन्हापासून वाचवणाऱ्या क्रीमची (सनस्क्रीनची), ९०० रुपयांची एसपीएफ ७० ची ट्यूब आणली. एक ट्यूब तीन महिने पुरते, पण पोरगा भाजायचा तो भाजतोच. सासूबाई हळद आणि खोबरेल लावायला सांगतात. जाऊबाईंनी बावचीचं तेल आणून दिलंय. कुणी म्हणतं, रोज थोडं ऊन दाखवा, कातडी सरावेल. शाळेत परिपाठाला उन्हात उभं करतात. आमचं लग्न नात्यातलं, म्हणून सगळे मला बोलतात. नेमकं काय घ्यायचं आणि किती लावायचं? त्याचाही एक प्रश्न आहे : बेंदराच्या सणाला बैलांबरोबर मिरवणुकीत चालू का?

*उत्तर :*

ताई, आधी ती बावचीच्या तेलाची बाटली घरातून बाहेर काढा. बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल.

बावची हे कोडावरचं जुनं औषध आहे. तिच्यात सोरालेन जातीची द्रव्यं असतात आणि त्वचेला उन्हाबाबत हळवं करणं हेच त्यांचं काम. कोडाच्या डागावर ती मोजून मापून, ठरावीक मिनिटांच्या उन्हाबरोबर वापरतात, तेही जाणकाराच्या देखरेखीखाली. तुमच्या लेकाला कोड नाही. कोडात रंग बनवणाऱ्या पेशीच जातात. त्याच्या त्वचेत त्या पेशी आहेत, पण मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य त्यांना बनवता येत नाही. त्यामुळे बावचीने त्याचा रंग येणार नाही. ती लावून तो अंगणात जरी खेळला तरी छाटणीच्या दिवशी झालं त्याहून वाईट भाजेल. जाऊबाईंनी मायेनेच आणलं असणार, त्यांना हे नीट समजावून सांगा. मेडिकलमधून कुणी ‘कोडाचं मलम’ म्हणून काही दिलं तर तेही घेऊ नका.

‘कातडी सरावेल’ हे सांगणारी माणसं स्वतःच्या अनुभवावरून बोलतात. त्यांची त्वचा उन्हात काळवंडते, म्हणजे मेलॅनिन वाढवून स्वतःवर छत्री धरते. तुमच्या मुलाकडे ती छत्री नाही आणि ती उघडायला शिकवताही येत नाही. रोज थोडं ऊन दाखवलं तर त्याची त्वचा रोज थोडी भाजेल, एवढंच होईल. आणि हे नुकसान साठत जातं. लहानपणापासून भाजत आलेली अशी माणसं तिशी-चाळिशीत कानावर, खालच्या ओठावर, मानेवर न भरणारी जखम घेऊन माझ्याकडे येतात. त्यातल्या काही जखमा कर्करोगाच्या निघतात. घाबरवायला हे लिहीत नाही, ताई. तुमचा मुलगा ८ वर्षांचा आहे आणि तुम्ही आत्ताच विचारताय. हा कर्करोग वेळेवर थोपवता येतो, म्हणून मला हे पत्र फार मोलाचं वाटलं.

आता ट्यूबबद्दल. तुमच्या घरी बाग आहे, म्हणून हे तुम्हाला शहरातल्या कुणापेक्षाही लवकर कळेल. डावणीचं, म्हणजे द्राक्षाच्या पानांवर येणाऱ्या त्या बुरशीचं, औषध कितीही भारी आणलं आणि पानाची खालची बाजू कोरडी राहिली, तर डावणी येते ना? एकरी जितकं पाणी लागतं त्याच्या पाव पाण्यात फवारणी उरकली, तर औषधाच्या नावाने खडे फोडून उपयोग होतो का? तुमच्या घरात नेमकं हेच चाललंय. औषध बरं आहे, पण फवारणी अपुरी पडतेय.

एसपीएफ म्हणजे क्रीम ऊन किती अडवतं ते सांगणारा आकडा. तो प्रयोगशाळेत ठरवतात तेव्हा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावलेलं असतं. हा बराच जाड थर असतो. आपण घरी बहुतेक वेळा त्याच्या निम्मं, कधी पावच लावतो. मग डब्यावर ७० लिहिलेलं असलं तरी त्वचेला त्यातलं फार थोडं मिळतं. तुमच्या मुलापुरता हिशेब करून बघा. ८ वर्षांच्या मुलाचा चेहरा, कान आणि मान मिळून साधारण सव्वा ते दीड ग्रॅम क्रीम लागतं. दोन्ही हातांचे पंजे मागून-पुढून माखायला आणखी अर्धा ते पाऊण ग्रॅम. म्हणजे एका वेळेला २ ग्रॅमच्या आसपास. शाळेच्या दिवशी तीनदा लावलं तर ६ ग्रॅम. ५० ग्रॅमची ट्यूब आठ-नऊ दिवसांत संपली पाहिजे. तुमची तीन महिने पुरते.

वजनकाटा घेऊन बसायची गरज नाही. त्याचीच तर्जनी आणि मधलं बोट पुढे धरायला सांगा. दोन्ही बोटांवर मुळापासून टोकापर्यंत क्रीमची एकेक जाड रेघ ओढा. एवढं सगळं चेहरा-कान-मानेला जिरलं पाहिजे. बोटं त्याचीच घ्यायची, कारण मूल वाढतं तशी बोटंही वाढतात आणि माप आपोआप बरोबर राहतं. एकदम सगळं लावलं की घसरतं, म्हणून निम्मं लावा, दोन मिनिटांनी उरलेलं लावा. कानाची पाळी आणि कानामागची जागा, मानेचा मागचा भाग, भांग पडतो ती रेघ, हातांच्या पंजांची मागची बाजू, आणि चप्पल घालत असेल तर पावलांची वरची बाजू, या जागा घाईत सुटतात आणि भाजतातही त्याच. ओठांना एसपीएफ असलेला लिप बाम वेगळा. घराबाहेर पडायच्या १५-२० मिनिटं आधी लावायचं, म्हणजे थर नीट बसतो.

एसपीएफचा आकडा किती घ्यायचा? शेडनेट घेताना आपण ५० टक्क्यांची की ७५ टक्क्यांची असं विचारतो, तसाच हा हिशेब आहे. एसपीएफ ३० चं क्रीम पुरेसं जाड लावलं तर भाजणाऱ्या किरणांचा तिसावा हिस्सा, म्हणजे सुमारे ३ टक्के, आत येतो. ५० ला पन्नासावा, म्हणजे २ टक्के. त्यापुढे ७० आणि १०० मध्ये फरक अगदी थोडा उरतो, पण किंमत मात्र चढत जाते. तुमच्या मुलासाठी ५० घ्या. ९०० ची एक ट्यूब जपून वापरण्यापेक्षा कमी किमतीचं, मोठ्या पॅकमधलं ५० चं क्रीम सढळ हाताने लावलेलं कितीतरी चांगलं. सध्याची ट्यूब फेकू नका. ती संपवा, फक्त सांगितलेल्या मापाने.

मात्र एसपीएफ मुख्यतः उन्हातल्या अतिनील किरणांपैकी यूव्ही-बी किरणांबद्दल सांगतो, जे लालसर भाजतात. यूव्ही-ए किरणं खोलवर जातात, लगेच दुखवत नाहीत आणि काचेतूनही बरीचशी आत येतात. एसटीत खिडकीशी बसून मिरजेला जाताना पोरगा सावलीत आहे असं वाटतं, पण पूर्ण तसं नसतं. म्हणून वेष्टनावर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ लिहिलेलं हवं, आणि ‘पीए’ या अक्षरांपुढे (ही यूव्ही-ए किती अडतं त्याची खूण) अधिकची चिन्हं मोजा. तीन किंवा चार असावीत. पाण्या-घामात टिकणारं, म्हणजे ‘वॉटर रेझिस्टंट’ असेल तर उत्तम. मागच्या बाजूला घटकांत झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं मी मुलांना आधी सुचवते, कारण ते डोळ्यांत आणि सालपटलेल्या त्वचेवर कमी झोंबतं. त्याचा एक पांढरा थर चेहऱ्यावर राहतो. सावळ्या मुलांना तो खटकतो, तुमच्या मुलावर तो दिसणारही नाही. उलट कुठे लागलंय नि कुठे सुटलंय हे लावताना तुम्हाला बघता येईल.

ज्या क्रीमवर ऊन आणि गोरेपणा दोन्ही एकदम लिहिलेलं असतं ते नको. स्प्रे नको, त्याचा थर पातळ बसतो आणि वाऱ्यात निम्मा उडून जातो. मुदत संपल्याची तारीख बघा. ट्यूब मोटरसायकलच्या डिकीत ठेवू नका, उन्हात तापून क्रीम फुटतं.

हळद आणि खोबरेलाबद्दल सासूबाईंना दुखवायचं कारण नाही. खोबरेल रात्री अंगाला चोळायला छान आहे, त्वचा मऊ राहते. पण ते ऊन जवळजवळ अडवतच नाही. हळदीचंही तेच. लिंबू मात्र अजिबात नको. लिंबाचा रस त्वचेवर असताना ऊन लागलं की चांगल्या त्वचेच्या माणसालाही फोड येतात.

एवढं सगळं क्रीमबद्दल लिहिलं, तरी माझ्या मनात त्याचा नंबर शेवटचा आहे. पहिला नंबर कापडाचा. कापड घामाने पुसलं जात नाही, दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागत नाही आणि एकदा शिवलं की वर्षभर चालतं. शाळेचा गणवेश हाफ पँट आणि अर्ध्या बाह्यांचा असेल, तर उघडे हात-पाय माखायला दर वेळी आणखी ३-४ ग्रॅम क्रीम लागेल. म्हणजे खर्च दुपटीहून जास्त. त्यापेक्षा शिंप्याकडून त्याच रंगाची फुल पँट आणि पूर्ण बाह्यांचा, कॉलरचा शर्ट शिवून घ्या. कापड उजेडासमोर धरून बघायचं. आरपार उजेड दिसत असेल तर ऊनही तसंच आत जातं. पातळ पांढरा सुती सदरा पुरेसं अडवत नाही, आणि घामाने भिजला की त्याहूनही कमी. घट्ट विणीचं, गडद रंगाचं कापड चांगलं. टेरीकॉट चालेल, जीन्सचं कापड तर फारच चांगलं, पण आपल्याकडच्या मे महिन्यात पोराला ते सोसवेल असं घ्या.

टोपी चारही बाजूंनी तीन इंच काठाची हवी. क्रिकेटची पुढे चोच असलेली टोपी कपाळ झाकते, पण कान नि मान उघडी टाकते. गांधी टोपीची सावली तर चेहऱ्यावर पडतच नाही. कसोटीत पंच घालतात तशी रुंद काठाची टोपी मागा. मुलाला ती आपली वाटली पाहिजे, नाहीतर कोपऱ्यावर वळला की दप्तरात जाईल. रंग त्यालाच निवडू द्या.

छाटणीच्या दिवशी नेमकं काय झालं तेही सांगते. बागेत आहे, मांडवाखाली आहे, म्हणून तुम्ही निर्धास्त राहिलात. पण एप्रिलच्या खरड छाटणीनंतर मांडवावर पान उरत नाही. सावलीच नव्हती. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. शून्य सावलीचा दिवस सांगलीकडे मेच्या पहिल्या पंधरवड्यात येतो आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला. म्हणजे ढगाआड असला तरी ऑगस्टमधला सूर्यही तितकाच डोक्यावर असतो आणि पातळ ढगांतून बहुतेक अतिनील किरणं खाली येतात. गारवा वाटतो म्हणून पावसाळ्यात टोपी खुंटीवर राहते आणि पोरं जुलै-ऑगस्टमध्ये भाजून येतात. त्वचा तापमानाने नाही, किरणांनी भाजते. मुलाला एक सोपी खूण शिकवा : स्वतःची सावली बघायची. सावली आपल्यापेक्षा लांब असेल तर ऊन सौम्य, आखूड असेल तर आडोशाला जायचं. आपल्या भागात डिसेंबरच्या भर दुपारीसुद्धा सावली उंचीपेक्षा आखूडच असते. साधारण १० ते ४ ही वेळ बारा महिने सांभाळायची.

शाळेसाठी त्वचारोगतज्ज्ञाकडून लेखी चिठ्ठी घ्या आणि ती घेऊन मुख्याध्यापकांना स्वतः भेटा. वडिलांनाही बरोबर न्या. तीन गोष्टी मागा : परिपाठाला त्याची रांग व्हरांड्यात किंवा झाडाच्या सावलीत, खेळाचा तास सकाळी किंवा शेवटी, आणि बाहेर पडताना टोपी व पूर्ण बाह्या. मधल्या सुट्टीत आणि खेळाच्या तासाआधी क्रीम लावायची आठवण गुरुजी-बाईंनी करावी अशी विनंती करा. वर्गात बसलेला असताना दर दोन तासांनी लावायची गरज नाही, बाहेर पडण्याआधी लावलं म्हणजे झालं. घामाघूम झाला, तोंड धुतलं, की पुन्हा. आठ वर्षांचं पोर स्वतः लावायला शिकतं. पहिले पंधरा दिवस आरशासमोर तुमच्यादेखत लावू द्या. त्याला एकट्याला बाजूला बसवून ठेवणं हा उपाय होऊ देऊ नका. त्याला खेळायचंच आहे.

डोळ्यांचंही याच भेटीत बघा. रंगद्रव्य डोळ्यांतही नसतं, म्हणून त्याला उजेड खुपत असेल, बुबुळं हलत असतील, फळ्यावरचं दिसत नसेल. यूव्ही ४०० लिहिलेला, कडेनेही झाकणारा गॉगल घ्या. वर्गात पहिला बाक, पण खिडकीसमोर नाही. दृष्टी फारच कमी असेल तर जिल्हा रुग्णालयात दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी तपासून घ्या. परीक्षेत त्याचा उपयोग होतो.

ड जीवनसत्त्वाची काळजी पत्रात नाही, पण कुणीतरी ती घालणारच. रंगद्रव्य नसलेल्या त्वचेला ते बनवायला अगदी थोडं ऊन पुरतं. शंका असेल तर रक्त तपासून डॉक्टर औषध देतील. हाडांसाठी म्हणून त्याला उन्हात बसवू नका.

पुन्हा कधी भाजलाच तर लगेच सावलीत आणून गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा, बर्फ थेट लावू नका. साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर, भरपूर पाणी, दुखत असेल तर त्याच्या वजनाच्या मापाने पॅरासिटामॉल. फोड फोडायचे नाहीत, टूथपेस्ट लावायची नाही. ताप, उलट्या किंवा मोठ्या भागावर फोड असतील तर त्याच दिवशी दवाखाना. आणि महिन्यातून एकदा अंघोळीच्या वेळी कान, मान, ओठ, हात चांगल्या उजेडात बघा. खरखरीत, सोलत राहणारा चट्टा किंवा महिनाभर न भरणारी जखम दिसली तर थांबू नका. काहीच नसलं तरी सहा महिन्यांनी एकदा त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवता येईल. त्याच्या नाकातून वारंवार रक्त येत असेल किंवा जरा लागलं की मोठे निळे डाग उठत असतील, तर तेही डॉक्टरांना जरूर सांगा. अल्बिनिझमच्या काही प्रकारांत रक्त गोठण्यात अडचण असते.

आता तुम्हाला जे बोलतात त्याबद्दल. तुमच्या मुलासारखा त्वचा-केसांचा अल्बिनिझम होण्यासाठी सदोष जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून यावी लागते. दोघांपैकी कुणालाही स्वतःला काही झालेलं नसतं, म्हणून ते कळतही नाही. नात्यातल्या लग्नात दोघांकडे तेच जनुक असण्याची शक्यता वाढते, पण नात्याबाहेरच्या लग्नांतही अशी मुलं होतात. तुम्ही गरोदरपणी ग्रहण पाळलं की नाही, काय खाल्लं, याचा काडीचा संबंध नाही. यात जेवढा वाटा तुमचा, अगदी तेवढाच त्याच्या वडिलांचा. हा परिच्छेद घरात मोठ्याने वाचून दाखवा. पुढच्या प्रत्येक वेळी चारात एक अशी शक्यता असते, म्हणून दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर आधी जनुकीय सल्ला घ्या.

आणि हे तुमच्या लेकासाठी. बाळा, बेंदराची मिरवणूक तुमच्या गावात पाच वाजल्यानंतर निघत असेल तर खुशाल जा. साडेचारला दोन बोटं भरून क्रीम लाव, कान विसरू नकोस. पूर्ण बाह्यांचा शर्ट, फुल पँट, बूट आणि मोठी टोपी. गुलाल उधळतील तेव्हा गॉगल असू दे. दुपारी बैल धुवायला आणि शिंगं रंगवायला बसायचं असेल तर गोठ्यात बस, अंगणात नाही. आणि कासरा धरायला मिळाला तर हातांच्या मागच्या बाजूला पुन्हा एकदा क्रीम लाव, कारण धरलेला हात सगळ्यात जास्त वेळ उन्हात राहतो.